करोडगिरीतली मालकीण

१

तिसऱ्यांदाही अंगठा जुळला नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयातल्या कारकुनानं यंत्राची काच रुमालानं पुसली आणि समोरच्या म्हातारीकडं पाहिलं. "वयानं रेषा झिजतात, मावशी. लई जणांचं होतं असं. आता डोळ्यांचं मशीन लावू. त्यात नुसतं बघायचं, बाकी काही नाही."

"बघते की," म्हातारी म्हणाली. "अंगठ्याची शाई तेवढी धुऊन येते."

तिनं जाड भिंगाचा चष्मा नाकावर सारखा केला, कापडी पिशवी काखेत मारली आणि व्हरांड्यातल्या नळाकडं गेली.

बाकावर संस्कृती आईचा हात धरून बसली होती. सरकारी दवाखान्यात ती नर्स होती, सहा वर्षं नोकरी झाली होती. आई बायनाबाई आष्टीकडची. तिचा सगळा जन्म ऊसतोडीत गेला. दर दिवाळीनंतर नवा फड आणि नवी कोपी, पाचटाच्या चार भिंती. आज पहिल्यांदा दोघींच्या नावावर दगडी भिंती होणार होत्या. बीडच्या जुन्या गावात, करोडगिरी म्हणतात त्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरचं एका बेडरूमचं घर. विकणारी वनमालाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, विधवा, मूलबाळ नाही.

दहा मिनिटं झाली. कारकुनानं पुढचा नंबर पुकारला. बायनाबाई उठून बाहेर गेली आणि परत येऊन दारातच उभी राहिली.

"नळापशी कुनीच न्हाई," ती म्हणाली. "नळ तर कोरडाच हाय."

२

ॲडव्होकेट आम्रपालीनं कार्यालयाचं आवार पायाखाली घातलं. स्वच्छतागृह, झेरॉक्सचं दुकान, चहाची टपरी, रिक्षाचा थांबा. म्हातारी कुठंच नव्हती. फोन लावला तर बंद.

संस्कृतीच्या वतीनं कागद तपासायचं काम आम्रपालीचं होतं. तिनं तीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या, पेपरात जाहीर नोटीस दिली. सगळं स्वच्छ निघालं होतं. आणि आता सत्तरीतली एक बाई भर दुपारी हात धुवायला जाऊन नाहीशी झाली होती. ऊन असं की माणूस चालता चालता कोसळावा.

एजंट राधाकिशन घाम पुसत फोनवर फोन करत होता. ओळख पटवायला आलेला त्रिंबक मात्र फाटकापाशी स्तब्ध उभा होता. करोडगिरीच्या तळमजल्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एकटा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. वनमालाबाईंचं दूध, औषधं, लाइटबिल, सगळं वीस वर्षं तोच बघत आलेला.

"वकीलबाई," तो हळू आवाजात म्हणाला, "सांगू का नको असं झालंय. सकाळी इथं अमरसिंहाला बघितलं मी. बाईंचा पुतण्या. चकलांब्याचा. पेपरात नोटीस वाचून आलता. घर विकू देनार न्हाई म्हनत होता."

"आता कुठंय तो?"

"तेच तर. बाई गेल्या आन् त्याची जीप बी गेली."

पोलीस ठाण्यात हवालदार शहादेव यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हातारं माणूस आहे, ताई. घाबरून घरी गेलं असंल. आधी घर बघा. मी बंदोबस्तातून सुटलो की येतो."

तिघी घराकडं निघाल्या, राधाकिशन आणि त्रिंबक मागून. रिक्षात बायनाबाई एवढंच म्हणाली, "त्या बाईला काय झालं असंल तर त्या घरात पाय न्हाई ठिवायची मी."

३

करोडगिरी म्हणजे निजामाच्या काळातली जकातीची कचेरी. खाली कमानी, वर मालाच्या कोठ्या. पुढं कुणी तरी ती विकत घेतली आणि कोठ्यांना भिंती घालून ब्लॉक पाडले. आता बहुतेक ब्लॉक व्यापाऱ्यांची गोदामं झाले होते. वरच्या मजल्यावर राहतं घर वनमालाबाईंचं एकच.

दाराला बाहेरून कुलूप. संस्कृतीनं फटीतून हाका मारल्या. आतून काहीच आवाज आला नाही.

राधाकिशन घर दाखवायला ठेवलेली जादा किल्ली आणायला गेला. तोवर त्रिंबकानं तिघींना दुकानात बसवलं, माठातलं पाणी दिलं. टेबलावर उघडी घड्याळं, चिमटे, भिंगं. संस्कृतीच्या पायाला टेबलाखाली एक पिशवी लागली. तिनं सवयीनं आत पाहिलं. मोठ्या माणसांच्या डायपरचं पुडकं आणि जखमेवरच्या मलमाच्या दोन ट्यूबा. पिशवीवर मांजरसुंब्याच्या एका मेडिकल दुकानाचं नाव होतं. त्रिंबकानं पायानं पिशवी आत सरकवली.

"बहीन आजारी हाय माझी," तो म्हणाला. "घ्या, पानी घ्या."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. पांढऱ्या कपड्यातला एक धिप्पाड तरुण उतरला आणि थेट दुकानात शिरला.

"कुठंय माझी काकू?" अमरसिंहानं विचारलं. तोच प्रश्न आम्रपालीच्या ओठावर होता.

४

आम्रपालीनं त्याला बाहेर कमानीखाली नेलं. त्याचे डोळे लाल होते. राग होता, पण रागाखाली दुसरं काही तरी होतं. भीती असावी, असं तिला वाटलं.

"सकाळी कचेरीपाशी होतास ना तू?"

"होतो. नोटीस वाचली, म्हनलं काकूला समोरासमोर विचारावं. चहाच्या टपरीवर पार दुपारपर्यंत दीड तास बसलो. ती आलीच न्हाई. मग गेलो."

"आली होती. तुझ्यासमोरून गेली असेल."

"वकीलबाई, मी काय आंधळा हाय का? फाटकावर डोळा लावून बसलतो. काकू आत गेली न्हाई आन् भाईर बी आली न्हाई."

"शेवटचा कधी भेटला होतास तू काकूंना?"

तो जरा खजील झाला. "संक्रांतीला. भांडन झालं. मी म्हनलं घर माझ्या नावावर कर. ती म्हनली, शाळेला देईन पर तुला देनार न्हाई. फळ्यावर तारीख लिहायला स्टूल लागायचं तिला, पर आवाज असा की पोरं थरथरायची. स्टूलबाई म्हनायची तिला सगळी शाळा. माझ्यावर बी तसाच आवाज टाकला. मी बी रागानं गेलो. पुन्हा आलो तर दाराला कुलूप. पुण्याला मैत्रिणीकडं गेल्यात म्हनले, मोतीबिंदूचं आपरेशन, फोन खराब झालाय. दोन महिने झाले त्याला."

"दोन महिने?" आम्रपालीनं पुन्हा विचारलं. "पण गेल्या महिन्यात आम्ही दोनदा याच घरात त्यांच्याशी बोललो. मी स्वतः त्यांच्या हातचा चहा प्यायले."

अमरसिंह तिच्याकडं पाहत राहिला. "मग मला कावून खोटं सांगितलं?"

"कुणी सांगितलं?"

त्यानं दुकानाच्या दिशेनं मान वळवली. दुकानाचं शटर खाली आलेलं होतं. बाहेरच्या बाकावर संस्कृती आणि बायनाबाई दोघीच बसल्या होत्या.

"ते काका आत्ता गेले," संस्कृती म्हणाली. "बहिणीकडून फोन आला म्हणाले. लई घाईत होते."

५

राधाकिशन किल्ली घेऊन आला. दार उघडलं. घर जसंच्या तसं होतं: समोरची खोली, मधली दगडी चौकट, पलीकडं बेडरूम, कडेला स्वयंपाकघर. चौकट इतकी खाली होती, की संस्कृतीला पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी वाकावं लागायचं. बायनाबाई मात्र ताठ मानेनं पलीकडं गेली.

आम्रपाली मधोमध उभी राहिली. ती तिसऱ्यांदा या घरात होती, पण आधीच्या दोन्ही वेळी तिनं फक्त भिंतींची ओल आणि नळाचं पाणी पाहिलं होतं.

"मावशी," तिनं विचारलं, "हे घर तुम्हाला पहिल्याच दिवशी आवडलं होतं. का बरं?"

बायनाबाई संकोचली. "काय सांगावं. समदं माझ्या हाताला येतं हितं. खुंटी, फळी, आरसा. दवाखान्याच्या क्वार्टरमधी मला फळीवरचा डबा काढाया पोरीला हाक माराया लागती."

आम्रपालीनं आरशासमोर जाऊन पाहिलं. तिला स्वतःची हनुवटी आणि गळा दिसला. चेहरा पाहायचा तर गुडघ्यात वाकावं लागत होतं. आरशाशेजारी भिंतीवर एक चौकोनी फिकट ठसा होता. खिळा तसाच होता, फोटो नव्हता.

"गेल्या महिन्यात आपण चौघी या खोलीतून त्या खोलीत गेलो," ती म्हणाली. "तुमच्या वनमालाबाईंनी काय केलं, आठवतं का?"

"डोकं आपटलं," संस्कृती म्हणाली. "चांगलंच लागलं होतं. मी बर्फ आहे का विचारलं, तर त्यांना फ्रिज..." ती थांबली. "बर्फाचं भांडं कुठंय ते त्यांना सापडेना. म्हातारपण आहे म्हणाल्या."

"बावीस वर्षं या घरात राहिलेली बाई. मान आपोआप वाकली असती तिची. आणि खरं तर तिला वाकायची गरजच नव्हती. ज्या बाईनं हा आरसा लावला, ती मावशींएवढी आहे. फळ्यावर तारीख लिहायला जिला स्टूल लागायचं ती. आपल्याबरोबर कचेरीत आली ती संस्कृतीच्याही वर चार बोटं होती."

राधाकिशन मटकन खुर्चीत बसला.

"पण आधार कार्डावर फोटो होता," तो म्हणाला.

"पांढरे केस, जाड चष्मा, पंधरा वर्षांपूर्वीचा धुरकट फोटो. कार्डावर उंची लिहिलेली नसते, राधाकिशनशेठ. अंगठा जुळला नाही तर वयाचं कारण देता येतं, ओळख पटवणारे उभे राहिले की भागून जाईल असा त्यांचा हिशोब असणार. डोळ्यांच्या यंत्राचा विचार केला नव्हता. म्हणून हात धुवायला गेली. अमरसिंह दीड तास फाटकावर बसला, पण तो आपली काकू शोधत होता. एक उंच म्हातारी बाहेर पडली तिच्याकडं त्यानं पाहिलंही नसेल." आम्रपालीनं राधाकिशनकडं वळून विचारलं, "तुम्हाला ही बाई पहिल्यांदा कुणी दाखवली?"

"त्रिंबकनं. तोच घेऊन आला गिऱ्हाईक. म्हनला, बाईंना घर विकायचंय. मी वनमालाबाईंना आधी कधी बघितलंच नव्हतं. देवाशपथ."

"तुम्ही फसू शकता. मी फसले. संस्कृती फसली. अमरसिंहाला ती दिसली असती तर तो फसला नसता, म्हणून त्याला पुण्याची गोष्ट सांगितली आणि आज त्याच्यावरच बोट दाखवलं. या सगळ्यात एकच माणूस असा आहे, ज्याला फसवणं शक्य नव्हतं. वीस वर्षं रोज दूध आणून देणारा. आणि तोच आज टेबलापाशी उभा राहून ओळख पटवणार होता."

अमरसिंहानं मुठी आवळल्या.

"मग माझी काकू कुठंय?" त्यानं विचारलं.

६

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात एकदमच आला होता, पण मोठ्यानं विचारायचा धीर दुसऱ्या कुणाला झाला नव्हता. दोन महिने. आम्रपालीला घरातल्या शांततेची भीती वाटू लागली. तिनं नकळत बेडरूमच्या फरशीकडं पाहिलं आणि स्वतःचाच तिला राग आला.

संस्कृती पुटपुटत होती. "बहीण आजारी... बहीण आजारी म्हणाले."

"काय झालं?"

"त्यांच्या टेबलाखाली पिशवी होती. डायपर आणि मलम. ते मलम पाठीला जखमा होतात त्यावर लावतात, एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाला. पिशवी मांजरसुंब्याची होती, मॅडम. बीडमध्ये दर गल्लीत मेडिकल आहे. डायपर आणायला मांजरसुंब्याला कोण जाईल? तिथं जाणं-येणं असेल तरच."

"म्हणजे जित्ती हाय," बायनाबाई म्हणाली. "मेलेल्याला कुनी मलम लावत न्हाई."

"होती," आम्रपाली म्हणाली. "आत्ता अर्ध्या तासापूर्वी त्याला फोन आला आणि तो घाईत गेला."

अमरसिंह जिना उतरूनही गेला होता. हवालदार शहादेव यांना ठाण्यावरून घेतलं. जीप महामार्गाला लागली. संस्कृती खिडकीच्या दांडीला धरून बसली होती. तिला एक गोष्ट छळत होती. पक्षाघाताचा झटका आला असेल, तर अशा माणसाचे पहिले काही आठवडे मोलाचे असतात. रोज हातपाय हलवून घ्यायचे, बोलायला लावायचं. आणि ती, नर्स असून, त्याच बाईच्या घरात पडदे कुठले लावायचे याचा विचार करत होती.

मांजरसुंब्याच्या चौकात धाब्यांसमोर ट्रकची रांग होती. मेडिकलवाल्यानं वर्णनावरून माणूस ओळखला. "घड्याळवाले काका ना? दर गुरुवारी येतात. बहीण आहे त्यांची, पलीकडच्या सेवाघरात. मालनबाई चालवतात ते." मग तो म्हणाला, "पण आज गुरुवार नसताना आले. आत्ताच गेले. टेम्पोवाला विचारत होते, लांब जाणारा."

७

सेवाघर म्हणजे पत्र्याचं लांब छप्पर, समोर कडुनिंब. दारात टेम्पो उभा होता. मागचा फळका उघडा, आत गादी अंथरलेली. मालनबाई, दवाखान्यात आया म्हणून आयुष्य काढलेली बाई, कमरेवर हात ठेवून टेम्पोवाल्याशी वाद घालत होती.

"असं उन्हात न्यायाचं न्हाई मी सांगते. पेशंट हाय ती, पोतं न्हाई."

आत कोपऱ्यातल्या खाटेवर एक लहानखुरी बाई पडली होती. उजवा हात पोटावर मुडपून पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारी त्रिंबक बसला होता. वाटीतली पेज तो चमच्यानं तिला भरवत होता. माणसं आत आलेली पाहून त्यानं चमचा वाटीत ठेवला. पळायचा प्रयत्न केला नाही.

"काकू," अमरसिंह म्हणाला आणि खाटेच्या पायाशी खाली बसला.

"मारलं न्हाई मी तिला," त्रिंबक म्हणाला. "दोन महिन्यांमागं एका सकाळी घरात पडलेली सापडली. मीच उचललं. मीच दवाखान्यात नेलं. मीच हितं आनलं. इचारा, एक दिस उपाशी ठिवलं का."

"बहिणीचं नाव लावलंत," आम्रपाली म्हणाली. "पुतण्याला कळू दिलं नाहीत. आणि घर विकायला तिच्या जागी कोण उभी केली होती?"

"मावसबहीन माझी. तिला काय कळत न्हाई, तिला सोडा." त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "वीस वर्षं, वकीलबाई. दूध, औषध, लाइटबिल, दिवाळीला सफाई. पुतण्या वर्षातून एकदा येनार, तो बी भांडाया. मला वाटायचं, बाई काही तरी मनात धरून असतील. आन् संक्रांतीला ह्याच्याशी भांडताना म्हनल्या, घर शाळेला देईन. मी तितंच जिन्यात दूध घिऊन उभा होतो. माझं नाव त्यांच्या तोंडात आलं न्हाई."

अमरसिंहानं मान वर केली नाही.

हवालदार शहादेव यांनी वही काढली. त्रिंबकानं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याचा सूर बदलला.

"पर विकाया बाईंनीच सांगितलं मला," तो म्हणाला. "पडल्यावर सांगितलं. हितला खर्च कसा भागायचा, घर विकून टाक म्हनल्या. त्यांना येता येत न्हाई म्हनून मी दुसरी बाई उभी केली. चूक झाली. पर घर विकायची इच्छा त्यांचीच. इचारा त्यांना."

शहादेव खाटेवर वाकले. "बाई, तुम्ही सांगितलं होतं का घर विकायला?"

वनमालाबाईंचे डोळे टक्क उघडे होते. ओठ हलले. घशातून जड, ओला आवाज आला, एकात एक गुंतलेला. हवालदारांनी कान जवळ नेला. पुन्हा विचारलं. पुन्हा तसाच आवाज. अमरसिंहानं ऐकलं, मालनबाईनं ऐकलं.

"मला तर दोन महिन्यांत काय उमगलं न्हाई," मालनबाई म्हणाली. "दिसभर तेच तेच बोलतेत."

"बघा," त्रिंबक म्हणाला.

संस्कृती पुढं झाली. दवाखान्यात तिच्या वॉर्डात अशी माणसं महिनोन्महिने असत. त्यांचं बोलणं कानानं कमी आणि ओठांवरून जास्त समजतं. ती खाटेच्या कडेला बसली, वनमालाबाईंची मान जरा उचलून उशीवर सरळ केली, ओठांच्या कोपऱ्यातली पेज पुसली.

"सावकाश, आजी. एकेक शब्द. मी ऐकते."

वनमालाबाई बोलल्या. संस्कृतीला पहिल्याच वेळी कळलं. तरी तिनं पुन्हा म्हणायला लावलं. खोलीतले सगळे तिच्याकडं पाहत होते आणि दारात उभी बायनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. संस्कृतीच्या मनात तेवढ्या वेळात काय काय येऊन गेलं, ते तिनं नंतर कुणालाच सांगितलं नाही.

"काय म्हणतात?" शहादेवांनी पेन टेकवलं.

"नाही म्हणतात," संस्कृती म्हणाली. "कुणालाही सांगितलं नाही. घर विकायचं नाही. आपल्या घरी जायचंय, असं म्हणतात."

हवालदारांनी लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं आणि खाली साक्षीदार म्हणून तिची सही घेतली. वनमालाबाईंनी डाव्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. सही करताना तो हात तिला सोडवावा लागला.

त्रिंबकाला घेऊन शहादेव बाहेर गेले. टेम्पोवाला रिकामाच निघून गेला. अमरसिंह खाटेशी तसाच बसून होता. संस्कृतीनं त्याला काकूची आखडलेली बोटं एकेक करून कशी उघडायची ते दाखवलं, आणि तो मोठमोठ्या हातांनी ते घाबरत घाबरत करत होता.

बायनाबाई आत आली. ती लेकीकडं न पाहता खाटेपाशी गेली, वनमालाबाईंच्या अंगावरची चादर नीट केली आणि खाली वाकून त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली,

"उद्या मी घर झाडून ठिवते. तुमी फकस्त यायचं बघा."